लेणी दाखवायची तर आपली आधी



सुट्ट्या लागल्या की संभाजीनगरात राहणाऱ्या आम्हा बायकांकडे पाहुण्यांची रीघ लागते, आणि पाहुणे आले की वेरूळ ठरलेलंच. शहरापासून जेमतेम तीस किलोमीटर. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून किती वेळा गेले असेन, याची मोजदाद नाही. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तोच क्रम पाहिला. आठला निघायचं ठरलेली गाडी दहाला निघते. वाटेत दौलताबादचा किल्ला, मग खुलताबादचा भद्रा मारुती, मग लेणी, घृष्णेश्वर, परतताना मकबरा, आणि दिवस उरलाच तर पैठणीचं दुकान. लेण्यांच्या फाटकातून आत गेलं की समोर 16 नंबरचं कैलास. तिथे दीड तास. मग उजव्या हाताची बौद्ध लेणी, त्यातही 10 नंबरचं हमखास, कारण तिथे आवाज छान घुमतो. मग जेवण. मग कुणाचं तरी डोकं दुखायला लागतं, लहानगं कडेवर झोपतं आणि कुणीतरी म्हणतं, "अगंबाई, आपली लेणी राहिली की!"

30 ते 34 ही आपली लेणी तिथून किलोमीटरभर उत्तरेला. तिथे गाडी न्यायची, भराभर आत जायचं, हात जोडायचे, सगळ्यांचा एक फोटो काढायचा, पंधरा मिनिटांत बाहेर. ही मी जैन घरांचीच गोष्ट सांगतेय हं, इतरांची नाही.

माझं म्हणणं असं, की लहान मुलं बरोबर असतील तर हा क्रम उलटा करावा. सकाळी सगळ्यात आधी आपली लेणी, तीही दोनच, आणि तिथे दोन-अडीच तास. कैलास नंतर. बाकीचं पुढच्या सुट्टीत. वेरूळ कुठे पळून जात नाही.

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीसवर वर्षं झाली. डेबिट-क्रेडिट आता किराण्याच्या वहीपुरतं उरलंय, पण कॉस्टिंगमधला एक धडा मी अजून रोज वापरते. त्याला लिमिटिंग फॅक्टर म्हणायचे. कारखान्यात जी गोष्ट सगळ्यात अपुरी असेल, तिच्यावरून सगळं नियोजन करायचं. लहान मुलांच्या सहलीत पैसा अपुरा नसतो, दिवसही अपुरा नसतो. अपुरा असतो तो मुलांचा ताजेपणा. चार वर्षांच्या मुलाकडे तो तासभर असतो, सात वर्षांच्या मुलीकडे दोन तास. तो कुठे खर्च करायचा हे आपण सकाळी ठरवलं नाही, तर ड्रायव्हर ठरवतो.

गेल्या नाताळच्या सुट्टीत मुलगा-सून पुण्याहून आले तेव्हा मी हे अमलात आणलं. बरोबर सात वर्षांची नात, चार वर्षांचा नातू, जाऊबाई आणि त्यांचा नऊ वर्षांचा नातू. साडेआठला आम्ही 32 नंबरच्या इंद्रसभेसमोर होतो. ड्रायव्हर वाटेत दोनदा म्हणाला, "मावशी, लोक पहिल्यांदा कैलास बघतात." मी म्हटलं, बघू देत.

जाण्याआधी मुलांना काहीही सांगितलं नव्हतं. राष्ट्रकूट, नववं शतक, दिगंबर परंपरा हे सगळं मोठ्यांसाठी. मुलांना मी घरी एका कागदावर आठ चित्रं काढून दिली होती: हत्ती, सिंह, आंब्याचं झाड, नागाचा फणा, वेल, हरीण, कमळ आणि रेडा. हे सगळं दगडात लपलंय, शोधून काढा. बस्स.

इंद्रसभेच्या अंगणात शिरताच नातवाला हत्ती सापडला. सापडायला काय, चांगला भला मोठा, अखंड दगडाचा उभा आहे. पण त्याला वाटलं आपणच शोधला. अंगणाच्या मधोमध एक देऊळ आहे, तेही खालच्याच दगडातून कोरून काढलेलं. आत चौमुखी, चार दिशांना चार जिनमूर्ती. नात गोल फिरली आणि म्हणाली, "आजी, कुठूनही आलं तरी देव समोरच आहे." समवसरणात भगवंत चारी दिशांच्या जिवांना आपल्यासमोरच दिसतात, हे तिला पाठशाळेत शिकवलं होतं की नाही मला ठाऊक नाही. तिथे ते शिकवावं लागलंच नाही.

पायऱ्या चढून वर गेलो. (गुडघेदुखीवाल्यांनी घाई करू नये, पायऱ्या उंच आहेत. मी मुलाचा हात धरून चढले.) वरच्या दालनात छताला मोठं कमळ आहे. मान वर करून बघताना तिघांचं डोकं एकमेकांवर आपटलं. कागदावरचं कमळ खोडलं गेलं. छतावर कुठे कुठे जुना रंग अजून शिल्लक आहे. तो बघायला साधी बॅटरी न्यावी, पण फोनचा फ्लॅश मारू नये. हजार-अकराशे वर्षं टिकलेला रंग आहे तो.

या लेण्याला इंद्रसभा म्हणतात ते एका गैरसमजातून. हत्तीवर बसलेला यक्ष लोकांना इंद्र वाटला, आणि समोर सिंहावर बसलेली ती त्याची इंद्राणी. खरं तर ती आपली अंबिका, नेमिनाथ भगवंतांची यक्षी. डोक्यावर आंब्याचं झाड, खाली सिंह, मांडीवर मूल. इथे मात्र मी मुलांना खाली बसवलं आणि गोष्ट सांगितली.

तुम्हाला ठाऊकच आहे. घरात श्राद्धाचा स्वयंपाक तयार आहे, ब्राह्मण अजून जेवायचे आहेत, आणि दारी मुनी येतात. ती त्यांना आहार देते. नवरा संतापतो, तिला घराबाहेर काढतो. एक मूल कडेवर, एक हाताशी धरून ती रानात जाते. मुलांना भूक लागते, आणि वाळलेल्या आंब्याला फळं येतात. आपण ही गोष्ट आरतीत म्हणतो, पण मुलांना सांगताना "नवऱ्याने घराबाहेर काढलं" हे वाक्य गाळतो. माझ्या जाऊबाईंनीही मला डोळ्यांनी खुणावलं. मी गाळलं नाही. ज्या बाईला स्वतःच्या घरातून जावं लागलं, तिच्यासाठी राजांच्या काळात डोंगर कोरला गेला, आणि ती तिथे यक्षाच्या तोडीस तोड, तेवढ्याच आकाराची बसलेली आहे. नातीने विचारलं, "मग तिचा नवरा कुठे गेला?" मी म्हटलं, "पुढच्या जन्मी तिचं वाहन झाला. तो बघ सिंह." नऊ वर्षांचा पोरगा एवढ्या जोरात हसला की पहारेकरी डोकावून गेला.

आता मुख्य गोष्टीकडे येते, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

तिथल्या भिंतींवर बाहुबली आणि पार्श्वनाथ पुन्हा पुन्हा भेटतात, बहुतेक समोरासमोर. बाहुबलींच्या पायांवर, मांड्यांवर, हातांवर वेली चढलेल्या. शेजारी त्या वेली सोडवणाऱ्या दोन स्त्रिया. पायाशी हरणं निवांत बसलेली. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर इ.स. 981 च्या सुमाराचा. वेरूळचे काही बाहुबली त्याच्याही आधीचे आहेत. ज्या राष्ट्रकूटांच्या राज्यात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात बाहुबलींची कथा लिहिली, त्याच राज्यात कुणी पाथरवटाने ती छिन्नीने लिहिली.

आमची मुलं वेल शोधत असताना कुठल्याशा शाळेची सहल आली. चाळीस-पन्नास मुलं, पाचवी-सहावीची. मूर्तीसमोर आल्यावर व्हायचं तेच झालं. एकाने कोपर मारलं, दुसरा फिस्सकन हसला, मुली तोंडावर हात घेऊन पुढे पळाल्या. बरोबरच्या बाईंनी "चला, चला, पुढे चला" केलं. त्यांचीही पंचाईतच. आमची नात लाल झाली. माझ्या पदराआड आली आणि हळूच म्हणाली, "आजी, यांना कपडे का नाहीत? सगळे हसतायत."

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या प्रत्येक मुलाला कधी ना कधी पडतो. आपण काय करतो? "देवाबद्दल असं बोलू नये" म्हणतो. गप्प बसवतो. मूल गप्प बसतं, पण प्रश्न बसत नाही. तो शाळेत उठतो, मैत्रिणीच्या वाढदिवसाला उठतो, पुढे कॉलेजात कुणी चेष्टा केली की उठतो. आणि तोवर मूल एक गोष्ट शिकलेलं असतं: आपल्या देवाबद्दल घरातल्यांनाही लाज वाटते. बाहेरच्या मुलांचं हसणं मला लागत नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. आपल्या मुलाने मान खाली घातलेली मात्र लागते.

मी तिला वेलीजवळ नेलं. विचारलं, "वेल एवढी उंच चढायला किती दिवस लागतात?" घरी बाल्कनीत तिने गोकर्ण लावलाय, त्यामुळे हिशोब तिला ठाऊक. म्हणाली, "खूप महिने." "तेवढे महिने हे हललेच नाहीत. एक वर्ष. राज्य जिंकलं होतं ना भरताकडून? ते सोडलं. घर सोडलं. मग कपडेही सोडले. माझं म्हणून काहीच ठेवायचं नाही, असं ठरवलं. हरणंसुद्धा घाबरत नाहीत बघ, कारण यांच्याजवळ मारायलाही काही नाही आणि लपवायलाही काही नाही." ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांना थंडी नाही वाजली?" मी म्हटलं, "वाजली असेल. सहन केली." यापेक्षा मोठं तत्त्वज्ञान मला येत नाही, आणि सात वर्षांच्या मुलीला लागतही नाही.

हेच उत्तर मी घरी सोफ्यावर बसून दिलं असतं तर ते उपदेशात गेलं असतं. तिथे वेल समोर होती, हरीण समोर होतं. आणि मुख्य म्हणजे तिचे डोळे अजून ताजे होते. दुपारी तीनला, कैलास बघून दमल्यावर हा प्रश्न आला असता, तर मीसुद्धा "चल बाळा, पुढे चल" केलं असतं.

समोर पार्श्वनाथ. नातीने फणे मोजले, सात. नऊ वर्षांच्या नातवाला रेडा तिथेच सापडला. कमठाचा उपसर्ग आहे तो. कुणी रेड्यावर बसून, कुणी सिंहावर बसून अंगावर येतंय, आणि पद्मावती वर छत्र धरून उभी. नऊ वर्षांच्या मुलाला वेलीपेक्षा हे जास्त आवडतं. तो विचारत होता, "हे उलटून मारत का नाहीत?" त्याला मी उत्तर दिलं नाही. त्याच्या आजीवर सोपवलं. प्रत्येकीने आपापलं नातवंड सांभाळावं.

दुसरा प्रश्न तुटलेल्या नाकांचा. तिथे आलेले एक ओळखीचे गृहस्थ मुलांना तावातावाने सांगू लागले, कोणी तोडलं, कधी तोडलं. मी मुलांना बाजूला घेतलं. पाणी, ऊन आणि हजार वर्षं यांनीही दगड झिजतो, आणि माणसांनीही तोडलाय. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही मी मुलांना सांगितलं. पण क्षमावाणीला सगळ्या जीवांची क्षमा मागणाऱ्या घरातल्या मुलीच्या हातात सातव्या वर्षी राग कशाला द्यायचा? मोठी होऊन इतिहास वाचेल, तिचं ती ठरवेल.

आपल्यातल्या काही बायका म्हणतात, खंडित मूर्ती, तिथे ना अभिषेक ना पूजा, मग मुलांना न्यायचं कशाला? त्यापेक्षा क्षेत्रावर न्यावं. क्षेत्रावर न्यावंच. पण क्षेत्रावर गर्दी असते, सोवळं असतं, ओळ असते, आणि मूल सतत "हात लावू नको, इकडे नको, गप्प उभा राहा" ऐकत असतं. लेण्यात त्याला मूर्तीसमोर मांडी घालून अर्धा तास बसता येतं. आणि वंदन कुणी अडवलेलं नाही. आम्ही णमोकार म्हटला, हळू आवाजात. चपला मात्र आम्ही गाभाऱ्याबाहेर काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं, बाकीचे बूट घालून फिरत होते. नातवाने विचारलं, "ते का नाही काढत?" मी म्हटलं, "त्यांना हे बघायचं ठिकाण आहे. आपलं हे घर आहे." पूजाच हवी असेल त्यांच्यासाठी वर डोंगरावर पार्श्वनाथांची मोठी मूर्ती आहे, शके 1156 चा, म्हणजे इ.स. 1234-35 चा लेख असलेली. हे आणि मोठा नातू वर जाऊन दर्शन घेऊन आले. मी खाली दोघांना घेऊन सावलीत बसले.

सूनबाईंनी मात्र एक मुद्दा काढला, आणि तो सोडून देण्यासारखा नव्हता. म्हणाली, "आई, आपलंच आधी, हे मुलांना शिकवायचं का? तीन धर्मांची लेणी शेजारी शेजारी आहेत, हेच तर वेरूळचं वैशिष्ट्य. तुम्हीच अनेकांत सांगता." बरोबर आहे तिचं. मी तिला उत्तर दिलं नाही, दुपारी मुलांनी दिलं. एका बौद्ध लेण्यात ध्यानस्थ मूर्ती बघून मोठा नातू म्हणाला, "हे पण महावीर." नात जवळ जाऊन निरखून म्हणाली, "नाही, खांद्यावर वस्त्राची रेघ आहे. हे बुद्ध असणार." तिला लाज वाटलेली तीच गोष्ट आता तिची ओळखण्याची खूण झाली होती, आणि तिने ती मोठ्याने, परक्या लोकांसमोर सांगितली. कैलासात तर तिघांनी हत्ती मोजायची शर्यत लावली आणि खूश होऊन बाहेर आली. एक घर नीट बघितलेलं मूल दुसऱ्याच्या घरातही नीट बघतं, असा माझा अनुभव आहे. सगळीच घरं धावत बघितलेल्या मुलाला संध्याकाळी फक्त आइस्क्रीम आठवतं.

30 नंबरचं छोटा कैलास बघायला मुद्दाम पाच मिनिटं काढा. ते अर्धवट राहिलेलं आहे. मुलांना पुरं झालेलं काम नुसतं "वॉव" करायला लावतं. अर्धवट कामात छिन्नीचे घाव दिसतात, कुणीतरी इथवर येऊन थांबलं हे दिसतं. आमच्याकडे त्यावरून घरी येईपर्यंत वाद चालू होता, की काम करणारे का निघून गेले. पगार थकला असेल, असं आमच्या ह्यांचं मत. बँकेत होते ना.

आता कामाच्या गोष्टी. मंगळवारी वेरूळ बंद असतं, वार बघून निघा. 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. कड्याकपारींना मधमाश्यांची पोळी असतात. तिथे आरडाओरडा नाही, उग्र अत्तर नाही, आणि मुलांनी खडा मारायचा तर विचारही नाही. वटवाघळं दिसली तर "शी" म्हणायचं नाही, ती त्यांच्या घरात आहेत. माकडांना खायला घालणं म्हणजे जीवदया नव्हे, त्यांची सवय बिघडते आणि पुढच्या आईच्या हातची पिशवी जाते.

डबा घरचाच. आम्ही तिखट-मिठाच्या पुऱ्या, तिळाची चटणी, लिंबाचं गोड लोणचं, चुरमुऱ्याचा चिवडा आणि केळी नेली होती. पाणी घरून गाळून, उकळून. कांदा-बटाट्याविना बाहेर काय मिळणार, या काळजीत अर्धी सहल घालवण्यापेक्षा हे बरं. आणि परतीची वेळ घड्याळावर नाही, सूर्यावर ठरवा. हिवाळ्यात सहाच्या आत दिवस मावळतो, म्हणजे साडेचारला गाडी हलली पाहिजे. मकबरा राहिला म्हणून मुलगा जरा कुरकुरला. साडेपाचला घरी मूगडाळीची खिचडी आणि कढी तयार होती, मोलकरणीला सांगून गेले होते. खिचडी संपेपर्यंत कुरकुरही संपली.